नारदाची गादी आणि कादंबरीची साक्ष

मार्गशीर्ष मास लागला. महिन्यांमध्ये मार्गशीर्ष मी, असे भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात सांगितले, आणि याच महिन्याच्या शुद्ध एकादशीस कुरुक्षेत्रावर गीता प्रकट झाली अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. आज घरोघर अठरा अध्यायांचे पारायण होईल, देवळांतून प्रवचने होतील, सायंकाळी कीर्तने रंगतील. अशा पर्वकाळी या पानावर काही मंगल निरूपण यावे ही वाचकांची अपेक्षा रास्तच होय. परंतु आज आम्ही निरूपणाआधी एक कबुली देणार आहोत. तीही गीतेच्याच एका उपदेशाशी निगडित असल्यामुळे अप्रस्तुत ठरणार नाही, असा विश्वास वाटतो.

गतवर्षी याच एकादशीस हरसूल येथे आमचे कीर्तन होते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हे डोंगरातले, आठवडे बाजाराचे गाव. भोवती कोकणा, वारली, महादेव कोळी यांचे पाडे. थंडीचे दिवस असूनही कांबळी पांघरून मंडळी दूरवरून आली होती. पूर्वरंगास विषय घेतला होता तो सोळाव्या अध्यायाच्या अखेरीचा. कार्य कोणते आणि अकार्य कोणते हे ठरविताना शास्त्र हेच प्रमाण मानावे, हा तो उपदेश. निरूपण रंगात आले, आणि बोलण्याच्या भरात आम्ही म्हणून गेलो की, आपला देव अनादी. पण ख्रिस्ती लोकांचा देव तीनशे वर्षांनंतर एका बादशहाने भरविलेल्या सभेत बहुमताने ठरला! श्रोत्यांत हशा पिकला. आम्हीही क्षणभर सुखावलो आणि उत्तररंगाकडे वळलो.

आरती झाली, बुक्का लागला, प्रसाद वाटला गेला. तेव्हा आमच्याच वयाचे एक निवृत्त शिक्षक जवळ येऊन बसले. ते ख्रिस्ती संप्रदायाचे. परंतु पेटी-तबल्याच्या आवडीमुळे गावातले एकही कीर्तन चुकवीत नाहीत. नमस्कार करून ते म्हणाले, "बुवा, निरूपण फार आवडले. एकच शंका विचारतो. सभेत मते घेऊन ख्रिस्त देव ठरला, यास प्रमाण कोणते?"

आम्ही म्हणालो, "गुरुजी, आमच्या वाचनात आले आहे."

"कोणत्या ग्रंथात?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. गुरुजी रागावले नाहीत. जाता जाता एवढेच बोलले, "आपण गादीवरून बोललात म्हणून विचारले. या गादीवरचा शब्द इथली पोरे खरा धरतात. माझा नातू उद्या शाळेत जाईल तेव्हा हाच शब्द त्याच्या कानी येईल."

परतीच्या वाटेवर, अंधारात घाट चढताना, प्रमाण कोणते ते आठवले आणि मान खाली गेली. ती एक कादंबरी होती! डॅन ब्राउन या अमेरिकन लेखकाची 'द दा विंची कोड'. ती २००३ साली प्रसिद्ध झाली, तिच्या कोट्यवधी प्रती जगभर खपल्या, तिचे मराठी भाषांतरही झाले. आमच्या घरात ती नातवंडांनी आणली आणि आम्ही दोन रात्रींत वाचून संपविली. शास्त्रप्रामाण्यावर निरूपण करताना आम्ही साक्ष काढली ती कादंबरीची! याहून मोठा विनोद कोणता?

मग आम्ही ठरविले की, गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर अभ्यासून शोधावे. या कादंबरीला ख्रिस्ती विद्वानांनी काय उत्तर दिले ते पाहावे. जे आढळले ते वाचकांपुढे ठेवतो. त्या धर्माची मते स्वीकारा असे आमचे म्हणणे नाही. आमची निष्ठा पांडुरंगाच्या चरणी आहे आणि तेथेच राहील. प्रश्न आहे तो सत्याचा.

त्या कादंबरीच्या आरंभीच एक पान आहे. आत वर्णिलेल्या कलाकृती, कागदपत्रे व गुप्त विधी यथार्थ आहेत, असा दावा तेथे केला आहे. सारा घोटाळा या पानाने केला. या डोंगरपट्ट्यात बोहाडा नाचतात. नरसिंहाचा मुखवटा चढला की आयाबाया पदर पसरून नमस्कार करतात. पण पहाटे मुखवटा उतरला की तो आपल्याच पाड्यावरचा अमका, हे शेंबडे पोरही जाणते. सोंगाला सोंग म्हणून नाचविण्यात पाप नाही. मुखवटा चढवून 'हाच माझा खरा चेहरा' असे सांगितले की मात्र फसवणूक सुरू होते.

कादंबरीचा मुख्य दावा असा की, येशूचे देवत्व इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील परिषदेत, कॉन्स्टन्टाईन बादशहाच्या इच्छेने, थोडक्या बहुमताने ठरले. परिषद झाली हे खरे. २०२५ साली तिला १७०० वर्षे पूर्ण झाली. बादशहाने ती बोलावली हेही खरे. परंतु तेथील वाद निराळाच होता. एरियस नावाच्या धर्मोपदेशकाचे मत असे की, पुत्र हा सृष्टीच्या पूर्वीचा व सर्वश्रेष्ठ खरा, पण पित्याने निर्माण केलेला. प्रतिपक्ष म्हणे, तो निर्मित नव्हे, पित्याच्याच तत्त्वाचा आहे. म्हणजे येशू केवळ मर्त्य मनुष्य होता, असे त्या दोन पक्षांपैकी एकाचेही म्हणणे नव्हते. आपल्याकडील द्वैत-अद्वैताचा शास्त्रार्थ ऐकून कोणी परकीय म्हणू लागला की, या लोकांनी वाद घालून देव आहे असे ठरविले, तर आपण त्यास काय म्हणू? शिवाय सुमारे ३०० धर्माध्यक्षांपैकी अखेरपर्यंत सही नाकारणारे दोघेच निघाले. याला थोडके बहुमत म्हणत नाहीत.

याहून बळकट पुरावा परिषदेपूर्वीचा आहे आणि तो ख्रिस्ती नसलेल्या माणसाचा आहे. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन सुभेदार ख्रिस्ती लोकांची चौकशी करीत होता. त्याने आपल्या बादशहास लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असे त्यात त्याने कळविले आहे. हा प्लिनी ज्या बिथिनिया प्रांताचा कारभार पाहत होता त्याच प्रांतात नायसिया हे नगर होते. म्हणजे परिषद भरण्यापूर्वी दोनशे वर्षे, त्याच मुलखात, ही उपासना चालू होती. त्याहीपूर्वीची, पहिल्या शतकाच्या मध्याची, पौलाची पत्रे आहेत आणि त्यांतही हीच श्रद्धा दिसते. श्रद्धा खरी की खोटी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ती बादशहाने निर्माण केलेली नव्हे, हे निश्चित.

दुसरा दावा असा की, चार शुभवर्तमाने कॉन्स्टन्टाईनने निवडली आणि उरलेली नष्ट करविली. परंतु इरेनियस या आचार्याने इ. स. १८० च्या सुमारासच शुभवर्तमाने चारच, असे आग्रहाने प्रतिपादिले होते. नायसियाच्या परिषदेत ग्रंथांची यादी ठरलीच नाही. नव्या करारातील २७ ग्रंथांची, आज मान्य आहे तीच यादी प्रथम आढळते ती अथेनेशियस या धर्माध्यक्षाच्या इ. स. ३६७ च्या पत्रात; तेव्हा कॉन्स्टन्टाईनला मरून ३० वर्षे झाली होती. या बादशहाने ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवून त्यांना मोकळीक दिली. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये मृत्युशय्येवर. आणि ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला तो पुढे ३८० मध्ये, थिओडोसियसच्या काळी.

तिसरा दावा सर्वांत चटकदार. येशूने मरीया मग्दालिया हिच्याशी विवाह केला आणि त्याचा वंश आजही नांदतो, असा तो आहे. त्यासाठी साक्ष काढली आहे ती इजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ साली सापडलेल्या पोथ्यांची. त्यांतील फिलिपाच्या नावावरील ग्रंथात मरीयेला येशूची सहचारिणी म्हटले आहे, आणि त्या शब्दाचा अरामी भाषेत अर्थ पत्नी होतो, असे कादंबरीतील पंडित सांगतो. परंतु ती पोथी अरामी नाहीच. ती कॉप्टिक भाषेतील आहे, आणि तो शब्द ग्रीकमधून आलेला असून सोबती, भागीदार अशा व्यापक अर्थाचा आहे. येशू तिचे चुंबन घेत असे, हे वाक्य जेथे आहे तेथे पोथीचा कागद फाटला असून शब्द गळाले आहेत. पोथीच्या पानाला भोक पडले असता तेथे आपल्या पसंतीचा शब्द घालू नये, घातलाच तर कंसात घालावा, हा आमच्या पाठशाळेतला पहिला धडा. कादंबरीकाराने ते भोक बुजविले आणि कंस मात्र पुसून टाकला! मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांनाही त्याने साक्षीस उभे केले आहे. त्या यहुदी पंथाच्या असून त्यांत एकही शुभवर्तमान नाही. लिओनार्दोने मिलान येथे १४९५ ते १४९८ या काळात रंगविलेल्या अखेरच्या भोजनाच्या भित्तिचित्रात येशूशेजारी स्त्री आहे, हाही तर्कच. योहान हा शिष्य तरुण, दाढीमिशांविना दाखविण्याचा त्या काळच्या चित्रकारांचा प्रघात होता. आपले चित्रकार रामरायाला मिशा काढीत नाहीत, म्हणून त्यावरून कोणी काही अनुमान काढील काय? आणि हे रहस्य जपणारा म्हणून सांगितलेला प्राचीन गुप्त संघ फ्रान्समध्ये १९५६ साली नोंदविला गेला. त्याची जुनी म्हणून ग्रंथालयात ठेवलेली कागदपत्रे बनावट असल्याचे पुढे उघड झाले.

येथवर उत्तराचा एक भाग झाला. परंतु आम्हांस अधिक शिकविले ते दुसऱ्या भागाने. जेथे चूक आपली होती तेथे ख्रिस्ती मंडळींनी ती मान्य केली. मरीया मग्दालिया ही पतिता होती ही समजूत शुभवर्तमानांत नाही. पोप ग्रेगरी यांनी इ. स. ५९१ च्या प्रवचनात तीन निरनिराळ्या स्त्रिया एकच मानल्या, त्यातून ती रूढ झाली आणि शतकानुशतके एका साध्वीच्या माथी कलंक राहिला. १९६९ साली रोमन चर्चने आपल्या पंचांगातून ती समजूत दूर केली, आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनास, २२ जुलैस, प्रेषितांच्या तोडीच्या सणाचा दर्जा दिला. आरंभीच्या ख्रिस्ती समाजात तीव्र मतभेद होते आणि काही ग्रंथ बाजूस सारले गेले, हेही त्यांचे विद्वान झाकून ठेवीत नाहीत. विशेष म्हणजे या कादंबरीच्या इतिहासातील चुका २००४ साली स्वतंत्र ग्रंथ लिहून दाखविणाऱ्यांत बार्ट एरमन हे अमेरिकन पंडितही होते, आणि ते स्वतः आता श्रद्धावंत ख्रिस्ती नाहीत. ज्याला धर्माची बाजू घ्यावयाची नाही त्यानेही सत्याची बाजू घ्यावी, यालाच पांडित्य म्हणतात.

आपल्या देशात हे प्रकरण २००६ साली चित्रपटाच्या निमित्ताने पेटले. मुंबईत ख्रिस्ती संघटनांनी निषेध केला. हे सारे काल्पनिक आहे, अशी सूचना जोडून आणि प्रौढांसाठी म्हणून परिनिरीक्षण मंडळाने चित्रपट संमत केला. आपल्या शेजारच्या गोव्यासह काही राज्यांनी तरीही बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र बंदीची मागणी फेटाळली आणि आंध्र प्रदेशातील बंदी तेथील उच्च न्यायालयाने उठविली. श्रद्धा दुखावली की मनुष्य प्रथम बंदी मागतो. हे आपल्यालाही अपरिचित नाही. परंतु इतक्या वर्षांनंतर त्या बंदीचे कोणास स्मरण आहे? टिकली ती उत्तरे. आमच्यासारख्या परधर्मीयाची समजूत बदलली ती त्या उत्तरांनी. बंदी घातलेले पुस्तक आम्ही कदाचित अधिकच आवडीने वाचले असते.

वाचकहो, आता आपल्या घराकडे वळू. ही दृष्टी आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये. पुढे तीनशे वर्षांत हस्तलिखितांत इतके अपपाठ शिरले की, शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. नाथांची ज्ञानदेवांवरील भक्ती कमी होती म्हणून त्यांनी पाठ तपासला काय? भक्ती अपार होती म्हणूनच तपासला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे कार्य हाती घेतले आणि १,२५९ हस्तलिखिते तपासून १९६६ साली ते पूर्णत्वास नेले. त्या आवृत्तीत 'आंधळ्याचा पुत्र आंधळा' हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाही. वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही. आम्ही स्वतः मात्र तीस वर्षे द्रौपदीच्या मुखी ते वाक्य घालून टाळ्या घेतल्या. एका मानी स्त्रीवर न केलेल्या अपराधाचा आळ घेतला आणि कुलसंहाराचे मूळ तिच्या जिभेवर लादले. ग्रेगरीचे प्रवचन आणि आमचे कीर्तन यांत फरक तो काय?

आणखी एक सावधगिरी. परक्यांना कमी लेखणारी कथा जशी आपल्याला गोड लागते, तशीच आपली थोरवी वाढविणारीही. १८९४ साली नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने असे प्रसिद्ध केले की, येशू तरुणपणी भारतात येऊन शिकला आणि तसा ग्रंथ लडाखच्या हेमिस मठात आपण ऐकला. आपल्याकडे आजही ही कथा अभिमानाने सांगितली जाते. आम्हीही सांगितली आहे. परंतु मॅक्समुल्लर यांनी त्याच वर्षी तिच्यावर आक्षेप घेतला, आणि १८९५ साली आग्र्याच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकाने हेमिसला जाऊन विचारले असता, असा ग्रंथ मठात नाही असे प्रमुख लामांनी स्पष्ट सांगितले. ती पोथी आजवर विद्वानांपुढे तपासणीस आलेली नाही. वेदान्ताची थोरवी असल्या पोथीवर अवलंबून नाही. जी कथा आपल्या अहंकाराला गोंजारते तिला दुप्पट प्रमाण मागावे, हा नियम आम्ही यापुढे स्वतःला घालून घेतला आहे.

आणि ज्यांच्याविषयी आम्ही बोललो ते तरी कोण परके? गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले ते मराठी ओवीत. नाशकात संस्कृत शिकलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पण त्यांनी आपली उपासना अभंगांतून आणि कीर्तनातूनच गायिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेक. ज्यांनी नारदाची गादी आपलीच मानली, त्यांच्या श्रद्धेवर त्याच गादीवरून खोटे बोलावे, हे आम्हांस शोभले नाही.

कोणी म्हणेल, बुवा, मग कीर्तनात आख्यान लावायचेच नाही काय? आख्यान अवश्य लावावे. कथेवाचून कीर्तन म्हणजे मिठावाचून अन्न. कविकल्पनेतही सत्य असते. पण ते भावाचे सत्य होय, घटनेचे नव्हे. लक्ष्मणरेषा सांगताना, ही पुढच्या कवींची आणि लोकांची भर आहे, एवढे एक वाक्य उच्चारले तर रस आटत नाही. उलट वक्त्यावरचा विश्वास वाढतो. घरी मुले कादंबरी वाचतात, मालिका पाहतात, हातातल्या यंत्रावर क्षणोक्षणी नवा 'इतिहास' येऊन पडतो. त्यांना रागावू नये. हे कोणी सांगितले, घटनेनंतर किती काळाने सांगितले, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे काय, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. अर्जुनाने प्रत्यक्ष भगवंतांनाही शंका विचारल्या. भगवंतांनी त्या ऐकून घेतल्या, आणि म्हणूनच आज आपल्या हाती गीता आहे.

आज सायंकाळी हरसूलला पुन्हा कीर्तन आहे. यजमानांना आम्ही आधीच कळविले आहे की, पूर्वरंगाचा विषय गतवर्षीचाच राहील. जेथे बसून हशा पिकविला तेथेच, त्याच श्रोत्यांपुढे, 'गेल्या वर्षी आम्ही सांगितले ते असत्य होते,' असे म्हणावयाचे आहे. साठी उलटल्यावर असे बोलताना जीभ जड होते, हे लपवीत नाही. गुरुजी समोर बसलेले असतील. त्यांच्या नातवालाही संगे आणावे, असा निरोप आम्ही धाडला आहे.